घर, शाळा आणि गोटुल

मोबाइलवर मुलचेरा तालुक्याचा नकाशा उघडा आणि गावांची नावं वाचत जा. गोमणी, लगाम, वेंगनूर, अडंगेपल्ली. ही इथल्या मातीतली नावं. मध्येच विवेकानंदपूर लागतं. मग सुंदरनगर, खुदीरामपल्ली, देशबंधूग्राम. गडचिरोलीच्या सागवानाच्या जंगलात खुदीराम बोस आणि देशबंधू चित्तरंजन दास कुठून आले, असं बाहेरचा माणूस विचारतोच.

ते आमच्याबरोबर आले. १९६४ च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या आणि हिंदू कुटुंबांची आणखी एक लाट सीमा ओलांडून भारतात आली. त्यातली हजारो माणसं रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवली गेली आणि तिथून पुढे ठिकठिकाणी पाठवली गेली. काही तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आली. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. माझे आजोबा-आजी त्याच लाटेतले. नदी-खाडीच्या प्रदेशातली भातशेती करणारी माणसं, त्यांना जंगल तोडून काढलेली जमीन मिळाली. मी तिसऱ्या पिढीची. घरी बंगाली बोलते, बाजारात झाडीबोली, आणि लिहिते मात्र मराठीत, कारण शाळेत तीच शिकवली.

माझ्या मुलाला सहावं लागलं तेव्हा पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. तिची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. घरीच शिकतात. ती म्हणाली, "अगं, तुझ्याकडे जंगल आहे, नदी आहे, दारात चार भाषा आहेत. त्याला कशाला चाळीस मिनिटांच्या तासाला बांधतेस?"

मी हसून विषय बदलला नाही. प्रश्न खरा होता. आमच्या गावची शाळा दोन शिक्षकी आहे. एक गुरुजी ट्रेनिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की सगळे वर्ग एका खोलीत. मी पदवीधर आहे, नवऱ्याचं काम गावातच आहे, घरात पुस्तकं आहेत. जमलं असतं. म्हणून हिवाळाभर मी वाचत बसले, की घरी शिकणं ही गोष्ट आपल्याकडे कुणी, कधी आणि कशाच्या जोरावर केली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की घरशिक्षण हे काही अमेरिकेतून आलेलं नवं खूळ नाही. आपल्याकडची काही मोठी नावं घरीच घडली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचं ठरवलं म्हणून समाजाचा रोष ओढवला आणि ते रानात जाऊन राहिले. मग लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं. शाळा नाही, परीक्षा नाही, पुढे तर तीर्थयात्रेची पायपीट आणि दुष्काळ. आई-वडील त्या दुष्काळाच्या काळात गेले. १८७८ साली हीच मुलगी कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. जंगलातलं घरशिक्षण म्हणाल तर याहून मोठं उदाहरण सापडायचं नाही.

रवींद्रनाथांचंही तेच. एकामागून एक शाळा सोडल्या, घरी मास्तर येत राहिले. इंग्रजी सुधारावं म्हणून १८७८ मध्ये त्यांना मुंबईला आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं होतं; तिथे त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना शिकवायची. (मराठी मुलीने बंगाली कवीला इंग्रजी शिकवलं, हे मला फार आवडतं.) पुढे रवींद्रनाथांनी स्वतःची मुलं शिलाइदहला घरीच शिकवली आणि १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. अभ्यास केला नाही म्हणून गोपाळराव त्यांना मारायचे, हेही त्याच कहाणीत आहे. घरी शिकवणं म्हणजे आपोआप मायेचं शिकवणं, असं नसतं.

पण ही सगळी घरं पाहा. शास्त्र्याचं घर, जमीनदाराचं घर, शिकलेल्या नोकरदाराचं घर. तिथे पोथ्या होत्या, अक्षर ओळखणारं कुणीतरी आधीच होतं. शाळा त्यांनी नाकारली, कारण शाळेत जे मिळतं ते घरात होतंच.

ज्यांच्या घरात ते नव्हतं, ते काय करत होते? सावित्रीबाईंनाही जोतीरावांनी आधी घरी, शेतावर शिकवलं. पण ती विद्या त्या दोघांनी घरात ठेवली नाही, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात मागणी होती की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सक्तीचं! सरकारने जबरदस्ती करावी, अशी मागणी एक स्वातंत्र्यवादी माणूस करत होता. कारण त्याला ठाऊक होतं की 'ज्याची त्याची इच्छा' म्हटलं की शिकणारे तेच राहतात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं आणि मोफत शिक्षण आणलं, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया गरिबाला चांगलाच लागत होता.

आमच्या लोकांची कहाणी याच ओळीतली आहे, आणि मराठी वाचकाला ती सहसा माहीत नसते. इथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांत नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. बंगालमध्ये या जातीला 'चांडाळ' म्हणून हिणवत. फरीदपूरच्या ओडाकांदी गावात हरिचाँद ठाकूर आणि मग त्यांचे पुत्र गुरुचाँद ठाकूर यांनी मतुआ पंथाभोवती समाज एकत्र केला. गुरुचाँदांचा सगळा भर शाळेवर. उच्चवर्णीयांच्या शाळा मुलांना उभं करत नव्हत्या, म्हणून १८८० मध्ये ओडाकांदीत शाळा निघाली. पुढे मीड नावाच्या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याची मदत घेऊन ती मोठी झाली. पुण्यात जोतीराव, ओडाकांदीत गुरुचाँद. दोघांच्या मधे दीड-दोन हजार किलोमीटर, आणि मागणी एकच.

घरी मी विषय काढला तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "तुझ्या ठाकुरमाला सही येत नव्हती. घरी शिकली असती तर कुणाकडून शिकली असती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण बाबांचं म्हणणं ऐकून विषय संपला असंही नाही, कारण मुलचेऱ्यात आम्ही एकटे नाही. आम्ही यायच्या आधीपासून इथे गोंड आणि माडिया आहेत, आणि त्यांच्याकडे शाळेचा इतिहास उलट्या बाजूने दिसतो.

त्यांच्याकडे शिकण्याची जागा होती: गोटुल. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विनने १९४७ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून शहरी वाचकाला गोटुल म्हटलं की तरुण मुलामुलींचं नाचगाणं एवढंच आठवतं. गडचिरोलीत गोटुल ही गावाची सामाईक जागा आहे. तिथे बैठका होतात, भांडणं मिटतात, पंडुमची, म्हणजे सणाची, तयारी होते, पाहुणा उतरतो. मूल तिथे मोठ्यांमध्ये बसून शिकतं: गाणी, गोत्रांची नाती, कोणतं झाड कधी तोडायचं नाही, ग्रामसभेत कसं बोलायचं. हे घरी शिकणं नाही. आणि शाळाही नाही. गाव शिकवतं.

सत्तरच्या दशकात आश्रमशाळांचं जाळं पसरलं. हेतू वाईट नव्हता. वस्त्या लहान, रस्ते नाहीत, पावसाळ्यात नदी-नाले अडवतात. आजही कन्नमवार जलाशयापलीकडच्या वेंगनूर भागातल्या लोकांना पावसाळ्यात नावेनं यावं लागतं. अशा ठिकाणी मुलाला वसतिगृहात ठेवणं हाच एक उपाय दिसतो. पण सहा वर्षांचं मूल घरापासून, भाषेपासून, गोटुलापासून उचलून नेलं की काय होतं, हे समजायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. वर्गात मराठी, तीही पुस्तकातली. इथली मराठी मुलंसुद्धा मैदानात झाडीबोलीच बोलतात. माडिया मुलाला पहिली दोन वर्षं गुरुजी काय म्हणतात तेच कळत नाही. मग गळती. मग 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' असा शेरा.

या वाटेचं भयानक टोक कॅनडात दिसलं. तिथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा होत्या, १९२० पासून सक्तीच्या. दीड लाखांहून जास्त मुलं त्यांतून गेली, आणि २०१५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. आपल्या आश्रमशाळा त्या पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल. इथे मुलाला कुणी हिसकावून नेत नाही, आणि इथूनच शिकून डॉक्टर, शिक्षक, वकील झालेले लोक आहेत. पण ज्या सक्तीसाठी जोतीराव झगडले, तीच सक्ती दुसऱ्याच्या भाषेत आली तर तिचा अर्थ बदलतो, एवढं कॅनडावरून शिकता येतं.

यातून वाट काढणारेही झाले, आणि गंमत म्हणजे त्यांनी घर की शाळा असा प्रश्नच विचारला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुलं बालवाडीत येईनात, तर ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारने योजना काढली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जायची, तर शिक्षक गुरांमागे गेले. ती कुरणशाळा. मला वाटतं मराठीत शिक्षणावर झालेल्या कामात या एका शब्दाइतकं धीट काही नाही.

आमच्या जिल्ह्यात हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ मध्ये शाळा. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांची स्वतःची मुलं त्याच शाळेत माडिया मुलांबरोबर शिकली. दोघं डॉक्टर होते, घरी शिकवता आलं असतं, नागपूरला ठेवता आलं असतं.

याच्या शेजारी गांधींची गोष्ट ठेवून पाहा. १८९७ मध्ये ते मुलांना घेऊन डर्बनला उतरले. गोऱ्यांच्या शाळेत बॅरिस्टरची मुलं म्हणून खास सवलतीने प्रवेश मिळाला असता. इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना नको, म्हणून त्यांनी नाकारलं आणि घरी शिकवलं. तत्त्व चोख. पण शिकवायला वेळ पुरला नाही, हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. थोरल्या हरिलालला पदवीची, प्रमाणपत्राची ओढ होती, आणि १९११ मध्ये तो शिकण्यासाठी बापापासून दूर होऊन भारतात परतला. तो दुरावा पुढे कधी भरला नाही. पालकाचं तत्त्व आणि मुलाचं आयुष्य, यांत किंमत कोण मोजतं, हा प्रश्न मला या गोष्टीनंतर सोडेना.

प्रमाणपत्राची ओढ हा शब्द हलका वाटेल. आमच्या तालुक्यात तो हलका नाही. इथे शाळा म्हणजे आधी कागद. दाखलखारीज रजिस्टरमधली एक ओळ: नाव, जन्मतारीख, जात. गोंड मुलाला जात पडताळणीला बसायचं तर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि पणजोबा शाळेत गेलेला नसेल तर तो शोधत वणवण होते. आमच्या लोकांचं दुखणं वेगळं. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत. वर 'तुम्ही नक्की कुठले' हा प्रश्न कायम. अशा घरात शाळेचा दाखला ही चौकटीत लावायची वस्तू असते. पुण्याच्या मैत्रिणीची मुलं शाळेत गेली नाहीत तरी त्यांच्या नागरिकत्वाला, आडनावाला, घराच्या कागदांना काही होत नाही. चौदा पूर्ण झाल्यावर ती राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावीला बसतील. मी हे तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हे मला सुचलंच नव्हतं गं." प्रामाणिक बाई.

आता कायद्याकडे येते, कारण खरी विसंगती तिथे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण न घातलं तर पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. शाहूंचा एक रुपयाही नाही. कलम १८ मात्र म्हणतं की मान्यता नसलेली शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि पुढे चालू ठेवली तर रोज दहा हजार.

हे कलम धानोरा तालुक्यातल्या मोहगावला भिडलं. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी, आपल्या पैशांतून शिकवायचं. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली, दंडाची नोटीस काढली. ग्रामसभेने संविधान आणि १९९६ चा पेसा कायदा पुढे केला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं.

दोन्ही कलमं शेजारी ठेवा. एका कुटुंबाने शाळा नाकारून मुलाला घरी शिकवलं, तर दंड नाही. गावाने मिळून मुलांना शिकवलं, तर रोजचे दहा हजार. शिक्षणाची दुकानं थोपवायला ते कलम आहे, हे मला कळतं, आणि ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. खेडोपाडी निघणाऱ्या बोगस इंग्लिश मीडियम शाळा मीही पाहिल्यात. पण त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा. मोहगावने तेच केलं होतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर आहेत आणि गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारही नव्हते, आणि ती आहे. गोंडीतलं पाठ्यपुस्तक मागायला गेलेल्या माणसाला या आकड्यांचा काही उपयोग होत नाही, तो भाग वेगळा.

एक वेळ अशी आली होती की सगळा देशच घरी शिकत होता. मार्च २०२० नंतर 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. आमच्याकडे टॉवरखाली उभं राहिल्याशिवाय फोन लागत नव्हता. ज्यांच्या घरी शिकलेलं माणूस होतं त्यांची पोट्टी पुढे गेली. बाकीची तेंदूपत्त्याला गेली, काही तेलंगणात मिरची तोडायला. शाळा उघडली तेव्हा चौथीतली मुलं पहिलीचं वाचन अडखळत करत होती. घरशिक्षणाचा एवढा मोठा प्रयोग पुन्हा होणार नाही, आणि त्याचा निकाल मी या ओट्यावरून पाहिलाय.

त्यानंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचं राज्य सरकारने काढलं. अशा शाळा राज्यात जवळजवळ १५ हजार. जंगलातली शाळा लहानच असणार. वस्तीच लहान आहे. ती बंद झाली तर इथली मुलं घरीच राहतील, आणि त्याला कुणी होमस्कूलिंग म्हणणार नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर आमचं घरात फार चर्चा न होता ठरलं. मुलगा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार. माझ्या मुलासारखी शिकलेल्या घरातली चार मुलं निघून गेली तर तो पट वीसच्या खाली जायला वेळ लागणार नाही, हेही एक कारण. बंगाली अक्षरं तो घरी शिकतोय. सरस्वतीपूजेला त्याची हातेखोडी झाली. म्हणजे पुरोहित मुलाचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढतो, तुमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात तसंच काहीसं. माडिया मित्राच्या घरून तो रोज दोन-तीन शब्द आणतो, त्यातल्या काहींचे अर्थ मला विचारून घ्यावे लागतात.

जूनमध्ये प्रवेशाचा फॉर्म भरला. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर तिथे 'मराठी' लिहिलंय. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, लिहून टाकलं होतं. या वेळी तो रकाना मी माझ्या हाताने भरला. गुरुजींनी फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, पहिलीचं बंगाली पुस्तक कुठे मिळतं का हो? वर्गात अशी आणखी सहा आहेत."